कोसळलेल्या संगणकाची स्मृती



स्मृतिव्याख्यानासाठी मी स्मृती हाच विषय घेतला आहे. मात्र माणसाची नव्हे, संगणकाची, आणि तीही तो कोसळल्यानंतर मागे उरलेली. जन्मभर मराठी शिकविणाऱ्याने या प्रांतात का शिरावे, असे आपणांस वाटेल. परंतु जुन्या पोथीचे वाचन आणि कोसळलेल्या संगणकाच्या स्मृतीचे वाचन यांत मला एक नाते दिसते. दोन्हीकडे लिहिणारा खुलासा करावयास उरलेला नसतो. आपल्या हाती असतो तो केवळ मजकूर.

संगणकाच्या कारभाराचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. हा सैन्यातला कर्नल नव्हे. तो कोसळला की सारेच थांबते. लिनक्स या प्रणालीत अशा वेळी राखून ठेवलेल्या जागेतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची स्मृती जशीच्या तशी उतरवून ठेवतो. या योजनेचे नाव केडम्प. विवेक गोयल, एरिक बीडरमन आणि हरिप्रसाद नेल्लितीर्थ यांनी २००५ साली ओटावा येथील परिसंवादात तिच्यावर निबंध मांडला. उतरवलेली ही स्मृती वाचण्याचे साधन म्हणजे ‘क्रॅश’. ते डेव्हिड अँडरसन यांनी घडविले. या साधनाने करावयाचे पहिले काम म्हणजे पत्ते लावणे.

पत्ते कसले? आपल्या नवागामचेच उदाहरण घेऊ. खानदेशातून आलेल्या पत्रावर नुसते ‘घर नंबर ४०’ असेल, तर टपालवाल्याने काय करावे? चाळीस नंबरचे घर प्रत्येक सोसायटीत आहे. सोसायटी कळली तरच घर सापडते. संगणकातही प्रत्येक कार्यक्रम आपापल्या आभासी पत्त्यांनी व्यवहार करतो. एकच आभासी पत्ता दोन कार्यक्रमांत दोन निरनिराळ्या प्रत्यक्ष जागा दाखवू शकतो. कोणता कार्यक्रम, हे ठाऊक असल्यावाचून पत्त्याला अर्थ नाही.

आभासीचे प्रत्यक्ष करणारी कोष्टके असतात. आजच्या नेहमीच्या चौसष्ट-बिटी यंत्रांत पत्त्याचे ४८ बिट अर्थपूर्ण धरतात. त्यांचे नऊ-नऊ बिटांचे चार गट आणि शेवटचे बारा बिट, अशी फोड होते. नऊ बिटांनी ५१२ नोंदींपैकी एक निवडता येते. पहिले कोष्टक दुसऱ्याकडे पाठविते, दुसरे तिसऱ्याकडे, तिसरे चौथ्याकडे. चौथे ४०९६ बाइटांचे एक पान दाखविते. शेवटचे बारा बिट त्या पानावरील नेमकी जागा सांगतात.

क्रम सरळ दिसतो, पण चूक येथेच शिरते. कधी तिसऱ्या कोष्टकातली नोंदच म्हणते, ‘हे दोन मेगाबाइटांचे मोठे पान आहे, येथेच थांब.’ तो इशारा न पाहता पुढे गेल्यास साध्या मजकुरालाच कोष्टक समजून वाचले जाते. काही यंत्रांत स्मृती सांकेतिक रूपात ठेवतात, आणि त्याची खूण म्हणून नोंदीच्या वरच्या भागातील एक बिट वापरतात. ती खूण पत्त्याचाच भाग मानली, तर शोध स्मृतीच्या सीमेबाहेर जातो. शिवाय कोष्टके वाचावयास कोष्टकांचाच पत्ता हवा! तो एका वजाबाकीने आणि एका बेरजेने मिळतो. पण त्यातली बेरजेची संख्या स्थिर नसते. सुरक्षेसाठी कर्नल दर वेळी निराळ्या जागी बसविण्याची रीत लिनक्समध्ये २०१४ साली आली, आणि २०१७ पासून नेहमीच्या यंत्रांवर ती आपोआप लागू झाली.

साधन ‘पत्ता सापडत नाही’ म्हणाले, तर ते प्रामाणिक म्हणावे. खरे भय आहे ते चुकीच्या जागेवरून शांतपणे काहीतरी वाचून दाखविण्याचे. रुग्णालयाचे वा बँकेचे यंत्र कोसळलेले असते. दोष कुणाचा हे ठरवायचे असते. आणि चुकलेल्या वाचनावरून एखाद्या निर्दोष आज्ञावलीवर आळ येतो. खरा दोष तसाच राहतो, आणि यंत्र पुन्हा कोसळते.

म्हणून जाणते लोक अज्ञाताकडे ज्ञातातून जातात. कर्नलच्या पोटात त्याचे नाव आणि आवृत्ती सांगणारे एक वाक्य असते. त्याच कर्नलची चिन्हांसह जपलेली प्रत जवळ असल्यामुळे ते कोठे आणि कसे असावे, हे आधीच माहीत असते. क्रॅश प्रथम तेथे जाऊन ते वाक्य वाचते. ते जुळले नाही, तर पुढचे वाचन व्यर्थ. दुसरी कसोटी पाठभेद ताडून पाहण्यासारखी आहे. कर्नलच्या मजकुराचे पान दोन आभासी पत्त्यांनी गाठता येते. दोन्ही वाटांनी एकाच जागी पोहोचलो, तर गणित बरोबर. न पोहोचलो, तर चारही कोष्टके हाताने, एकेक पायरी लिहून तपासावी. बहुधा जी पायरी आपण ‘हे तर ठाऊकच आहे’ म्हणून ओलांडलेली असते, तेथेच दोष सापडतो.

महानुभावांच्या कित्येक पोथ्या सकळ लिपीत होत्या. पंथाबाहेरच्या वाचकाला अक्षरे दिसत, अर्थ दिसत नसे. मजकूर शाबूत, पण किल्ली हाती नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती उकलली, तेव्हा मराठीचे एक दालन उघडले. कर्नल घडविणाऱ्यांनी यावर शहाणपणाची तोड काढली आहे. कोसळणारा कर्नल आपल्या स्मृतीबरोबर एक छोटी टीप ठेवतो: मला किती सरकवून बसविले होते, कोष्टकांचे थर किती, सांकेतिक खुणेचा बिट कोणता. मागाहून येणाऱ्याने अंदाज बांधू नये, टीप वाचावी, एवढाच तिचा हेतू.

या विद्यालयातून बाहेर पडलेले काही जण आज अशा यंत्रांवर काम करीत असतील. त्यांना माझे सांगणे इतकेच, की आपल्या कामाबरोबर त्याची किल्लीही लिहून ठेवावी.