खेळापुरतें ग्राफिक्स कार्ड

श्रोतेहो, मी शिरूर तालुक्यांत छत्तीस वर्षें शिक्षक होतों. माझें शालेय शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां संगणकाच्या पोटांतील यंत्राविषयीं मीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु जी चूक करून मनुष्य शहाणा होतो, ती दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार त्याला खास असतो.

माझा नातू दौंडास असतो. अभ्यास संपल्यावर मित्रांबरोबर तासभर संगणकावर खेळावें, एवढाच त्याचा शौक. "आजोबा, खेळतांना चित्र अडखळतें," अशी त्यानें एकदां तक्रार केली. मी पुण्यास गेलों आणि एका दुकानदारानें उत्तम म्हणून पुढें केलेलें ग्राफिक्स कार्ड सव्वीस हजार रुपये मोजून घेऊन आलों. तें बसविल्यावर, खेळ सुरू होऊन दहा मिनिटें होतात न होतात तोंच संगणक बंद पडूं लागला. मी नातवावरच रागावलों. "सारखा खेळून तूंच यंत्राचा विचका केलास," असें त्याला बोललों. त्यानें उत्तर दिलें नाहीं. पण आठ दिवस तो माझ्याशीं मोकळेपणानें बोलला नाहीं.

पुढें दौंडच्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणानें संगणकाची पेटी उघडली आणि आंतील पॉवर सप्लायवरची चिठ्ठी मला वाचावयास लाविली. तीवर ३०० वॅट लिहिलें होतें. कार्डाच्या खोक्यावर मात्र ५५० वॅटचा पुरवठा असावा असें स्पष्ट छापलें होतें. जन्मभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरानें खोकेंच वाचलें नव्हतें!

आतां हें कार्ड करतें तरी काय? नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु असतात. म्हणजे एका चित्रांत सुमारें २०,७३,६०० बिंदु. सेकंदास ६० चित्रें काढावयाचीं, तर हा आंकडा १२ कोटींवर जातो. मुख्य प्रोसेसर हा अवघड गणितें एकामागून एक सोडविणाऱ्या हुशार विद्यार्थ्यासारखा. ग्राफिक्सचा भाग म्हणजे सोपीं उदाहरणें एकाच वेळीं सोडविणारा मोठा वर्ग. १९९९ सालीं एनव्हिडिया कंपनीनें 'जीफोर्स २५६' हें कार्ड बाजारांत आणिलें. त्याच वंशांतील बलाढ्य यंत्रें पुण्याच्या सी-डॅकच्या 'परम सिद्धि-एआय' या २०२० सालच्या महासंगणकांत बसविलीं आहेत. परंतु फावल्या वेळीं खेळणाऱ्यास महासंगणक नको आहे. त्यानें चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, खेळ कोणता? 'व्हॅलोरंट' हा नेमबाजीचा लोकप्रिय खेळ २०२० सालीं निघाला. त्याच्या कर्त्यांनीं किमान गरज म्हणून इंटेलचें 'एचडी ४०००' सांगितलें. आणि तें कार्ड नव्हे, तर २०१२ सालच्या प्रोसेसरमध्येंच असलेला चित्राचा भाग आहे! आजच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांत असा भाग असतोच. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं 'एफ' अक्षर असतें, त्यांत तो नसतो.

दुसरी, स्मृति. प्रोसेसरमधील या भागाला स्वतःची स्मृति नसते. तो संगणकाची रॅमच वापरतो. रॅमची एकच पट्टी असेल तर त्याची वाट अरुंद राहते. सारख्या दोन पट्ट्या योग्य जागीं बसविल्या म्हणजे ती दुप्पट रुंद होते. चित्र अडखळण्याचें कारण कित्येकदां एवढेंच असतें.

तिसरी, वीज आणि मार्ग. कार्ड ज्या खांचेंत बसतें ती खांच फार तर ७५ वॅट देते. 'जीटीएक्स १६५०' जातीचीं पुष्कळशीं कार्डें तेवढ्यांत भागतात. माझें कार्ड १७० वॅट मागत होतें, म्हणजे छतावरच्या दोन जुन्या पंख्यांहून अधिक. आणि ती सारी वीज शेवटीं उष्णता होऊन खोलींत येते. आमच्याकडच्या वैशाखांत ती कोणास हवी? तसेंच, 'आरएक्स ६४००' हें कार्ड ५३ वॅटांवर चालतें, पण त्याला सोळांऐवजीं चारच मार्ग असतात. जुन्या संगणकांत तें मंदावतें. दौंड जंक्शनच्या मनुष्यास हें समजाविण्याची गरज नाहीं. इंजिन कसेंहि असो, रूळ मोकळे नसतील तर गाडी सिग्नललाच उभी राहावयाची.

चौथी, नांवावर भुलूं नये. 'जीटी १०३०' या एकाच नांवाचीं दोन प्रकारचीं कार्डें निघालीं. २०१७ सालच्या कार्डाची स्मृति सेकंदास ४८ गिगाबाइट माहिती देते, तर २०१८ सालच्या दुसऱ्या प्रकाराची जेमतेम १७. नांव तेंच, वेग तिसऱ्या हिश्शाचा! म्हणून खोक्यावर 'जीडीडीआर ५' आहे कीं 'डीडीआर ४', तें वाचूनच पैसे द्यावे.

माझ्या नातवाच्या संगणकांत रॅमची एकच पट्टी होती. त्या तरुणानें माझें कार्ड काढून दुसरी पट्टी बसविली. मुलाचा खेळ सुरळीत चालूं लागला. अर्धा तास, एक तास झाला तरी पेटी बंद पडली नाहीं. कार्ड मीं तोटा सोसून विकलें. त्या संध्याकाळीं मीं नातवाजवळ बसून सांगितलें, "बाळ, चूक तुझी नव्हती, माझी होती." तो हंसला आणि मलाहि एक डाव खेळावयास त्यानें शिकविलें. मी अर्थातच हरलों.

तर श्रोतेहो, आधीं मुलास विचारा, मग घरची पेटी उघडून पाहा, आणि दुकानाची पायरी सर्वांच्या शेवटीं चढा. पैसे तर वांचतीलच. पण निष्कारण बोललेला शब्दहि वांचेल, आणि तो परत घेणें कार्ड परत करण्याहून कठीण असतें.