वाघाचे शेजारी



तळवड्याच्या आयटी पार्कात माझा दिवस स्क्रीनसमोर जातो. यंदा मात्र चंद्रपूरच्या ताडोब्यात पूर्ण दिवसाची जीप सफारी केली. १९५५ सालचं हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. मोबाईल गेटवरच जमा! आमच्या गाईड ताई कानांनी जंगल वाचत होत्या. चितळ ओरडलं, वानर खाकरलं, की समजायचं, वाघ निघाला. दुपारी पाणवठ्यावर वाघीण दिसलीही. पण मनात राहिलं ते ताईंचं बोलणं : "तुम्ही वाघ पाहून घरी जाता. आमच्या बायका मोहफुलं वेचायला पहाटे बफरच्या रानात जातात, तिथंही वाघ असतोच."

ताडोब्याचा वाघ टिकलाय तो या शेजाऱ्यांच्या सोसण्यावर. तिकडे गेलात तर गावातल्याच घरी उतरा, त्यांच्याशी बोला.