समुद्रावरचा वारा आणि शिरूर-दौंडचे पंप

शिरूर-दौंडपासून समुद्र दूर असला तरी समुद्रावरच्या वाऱ्याचं मोजमाप इथल्या शेतकऱ्याच्या कामाचं आहे. 2013 च्या अखेरीपासून देशाचं वीजजाळं एकच झालंय, त्यामुळे प्रश्न अंतराचा नाही, वेळेचा आहे: वीज हवी तेव्हा वारा किती वेगानं वाहतो? वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग सेकंदाला 6 मीटरवरून 8 झाला, तर ऊर्जा जवळजवळ 2.4 पट होते. म्हणजे अंदाजातली थोडीशी चूकही सगळा हिशेब बिघडवते. म्हणूनच 2017 साली गुजरातेत पिपावावसमोरच्या समुद्रात लेसरनं वारा मोजणारं लायडार यंत्र बसवलं गेलं.

कोणी म्हणेल, सौरवीज स्वस्त असताना समुद्रावरच्या वाऱ्यावर खर्च कशाला? सौर कृषी वाहिनी योजनेमुळे दिवसा वीज मिळाली, की बिबट्याच्या धाकात, बॅटरी घेऊन रात्री उसात स्टार्टर दाबायला जाणं टळतं. हे फार मोलाचं आहे. पण हा पर्जन्यछायेचा पट्टा. जुलैत आभाळ भरून येतं, पाऊस हुलकावणी देतो. पंप चालवावेच लागतात आणि सौरपॅनेल मात्र मंदावतात. नेमका तेव्हाच समुद्रावर मोसमी वारा जोरात असतो. त्या वाऱ्याची वीज महाग पडते, हे खरंच. म्हणून केंद्रानं 2024 मध्ये पहिल्या 1,000 मेगावॉटसाठी अर्थसाहाय्य मंजूर केलं, ते गुजरात आणि तमिळनाडूसाठी. कोकण किनाऱ्यासमोरही नुसती वार्षिक सरासरी नको, वर्षभर तासातासाचा वारा मोजा आणि ते आकडे लोकांसमोर ठेवा.