माथेरानच्या गाडीचं कुठलं इंजिन छापायचं?

तळेगाव दाभाड्यातून, आमच्या घराच्या वरच्या खोलीतून बोलतेय. स्टेशन जवळ आहे, त्यामुळे मध्येच लोकलचा भोंगा आला तर सांभाळून घ्या. आणि जे हे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी: माझे बरेचसे 'म्हणजे' लिहून काढताना गाळलेत. सगळे गाळता आले नाहीत.

आजचा विषय एका भांडणातून आलाय. आम्ही बीटेकचे चार मित्रमैत्रिणी. चौघंही माथेरानच्या मिनी ट्रेनचे वेडे. आमच्यातल्या एकाने थ्रीडी प्रिंटर घेतला आणि म्हणाला, आपण या गाडीची छोटी प्रतिकृती करू, सोबत किचेन आणि टी-शर्ट. खर्च निघाला तरी पुरे. सगळे हो म्हणाले. मग कोणीतरी विचारलं, इंजिन कुठलं? तिथून जी जुंपली, ती चहाच्या तीन फेऱ्या संपल्या तरी मिटेना.

प्रिंटरवाला म्हणाला, वाफेचंच. 1907 साली गाडी सुरू झाली तेव्हाचं. माझं म्हणणं होतं, डिझेलचं. कारण वाफेची इंजिनं ऐंशीच्या दशकात गेली, आमच्यातलं कोणी तेव्हा जन्मलंही नव्हतं. ज्या गाडीत आपण कधी बसलोच नाही, तिची आठवण म्हणून टी-शर्ट कसा विकायचा? चाकणला नोकरी करणारा मित्र म्हणाला, पारदर्शक छताचा व्हिस्टाडोम डबा छापा, आता लोक त्याचेच फोटो काढतात. त्यावर चौथी उसळली, "तो डबा म्हणजे चाकांवरचा मॉल आहे!"

त्यात मध्य रेल्वेने अजून तेल ओतलंय. डिझेल इंजिनालाच वाफेच्या इंजिनाचं रूप द्यायचं. आत डिझेल, बाहेरून बॉयलर आणि धुराडं. आता हे खरं की खोटं? यावर आमचे दोन सरळ तट पडले.

हे वेड आपल्याकडेच आहे असं नाही, बरं का. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमध्ये 'स्प्लॅश माउंटन' नावाची राइड होती. ओंडक्यासारख्या होडीत बसून पाण्यात कोसळायचं. तिची गोष्ट 1946 च्या ज्या सिनेमातून घेतली होती, त्यात कृष्णवर्णीयांचं चित्रण अपमानास्पद आहे, हा आक्षेप जुना होता. जानेवारी 2023 मध्ये ती बंद केली आणि जून 2024 मध्ये राजकन्या टियानाच्या गोष्टीवर पुन्हा उघडली. लोकांनी बाजूने सह्या केल्या, विरोधात सह्या केल्या. काहींनी तर त्या राइडचं पाणी बाटलीत भरून ऑनलाइन विकायला ठेवलं! पाण्याची वाट आणि शेवटची उडी मात्र तीच राहिली. बदलली ती गोष्ट, बाहुल्या आणि गाणी.

तर भांडण अर्धवट ठेवून मी घरी आले आणि बाबांना सांगितलं. माझे बाबा चाकण भागातल्या एका कारखान्यात ब्रेकचे भाग तपासायचे, आता निवृत्त आहेत. मी लहान असताना दर दिवाळीनंतर ते आम्हाला माथेरानला न्यायचे. तळेगावहून लोकलने लोणावळा, तिथून गाडी बदलून कर्जत, कर्जतहून पुन्हा लोकलने नेरळ. आईचा डबा कर्जतच्या आतच संपायचा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ब्रेकवाले कोण दाखवणार?"

मला कळेचना. मग त्यांनी आठवण करून दिली. तेव्हा या गाडीला आजच्यासारखे एअर ब्रेक नव्हते. डब्यांवर माणसं असायची, ती हाताने ब्रेक आवळायची. नेरळ ते माथेरान साधारण 21 किलोमीटर, रुळांमधलं अंतर फक्त 610 मिलिमीटर, आणि चढ काही ठिकाणी 20 ला 1. म्हणजे वीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. उतरताना हेच उलटं. मी खिडकीतून माकडं बघत असायचे आणि बाबा त्या माणसांचे हात.

मे 2016 मध्ये एका आठवड्याच्या अंतराने ही गाडी दोनदा रुळांवरून घसरली आणि बंद झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. परीक्षा संपली की बाबांना घेऊन जायचं ठरलं होतं, ते राहिलं. बंद असताना डब्यांना एअर ब्रेक बसवले. ऑक्टोबर 2017 मध्ये अमन लॉज ते माथेरान हा वरचा टप्पा सुरू झाला, जानेवारी 2018 मध्ये नेरळपासून. पुढे 2019 च्या पावसाने मार्ग पुन्हा वाहून नेला. पूर्ण मार्ग खुला झाला थेट 22 ऑक्टोबर 2022 ला, दरडीच्या जागी जाळीत दगड भरून भिंती बांधल्यावर.

आता सांगा, माझ्या आयुष्यात या गाडीत झालेला सगळ्यात मोठा बदल कुठला? रंग? काचेचं छत? खोटं धुराडं? नाही. ब्रेक! आणि त्यावर आम्ही एक मिनिटसुद्धा भांडलो नव्हतो. माझ्याही कामात हे रोज दिसतं. बटणाचा रंग बदलला की शंभर तक्रारी येतात. आत रात्रभर जागून डेटा वाचवला, तर कोणी विचारत नाही. आणि तिथे मी वैतागते, इथे मीच तशी वागले.

मग मी वाफेच्या इंजिनाबद्दलही नीट वाचलं. जर्मनीच्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची ती चार इंजिनं. त्यातलं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेलं, एक नेरळला ठेवलंय. त्यांची खरी करामत धुराड्यात नव्हती. पुढचा आणि मागचा आस वळणावर थोडा फिरेल अशी रचना होती, म्हणून इतक्या घट्ट वळणांवर ती चालली. नव्या इंजिनाला धुराडं लावता येतं. पण जुन्या इंजिनाचं मोठेपण चाकांपाशी होतं, आणि तिथे वाकून कोण बघतं?

त्यामुळे नकली धुराड्यावरचा माझा राग गेलाय. पोरं खूश होणार असतील तर होऊ द्या. फक्त त्याला वारसा म्हणताना रुळांखालची खडी, पावसाळ्यानंतर मार्ग तपासणारे गँगमन, यांचाही हिशेब धरा. दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा तिथे खूप काम चालतं. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

शेवटी आमचं काय ठरलं? इंजिन नाहीच. एक डबा करायचा, आणि डब्याच्या टोकाला ब्रेक आवळणारा माणूस. पहिला नमुना आला तो बिघडलेलाच, माणसाचा हात तुटला. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हात जाड कर. एवढ्याशा हाताने गाडी थांबत नाही."

दुसऱ्या नमुन्यात हात जाड केलाय. तो आता बाबांच्या टीव्हीशेजारी आहे. टी-शर्टचं भांडण अजून चालू आहे, आणि खरं सांगू, ते मिटावं असं मला वाटतही नाही. दिवाळीनंतर मात्र बाबांना घेऊन नेरळला जायचंय. त्यांचा गुडघा दुखतो, पण या गाडीत बसायला फार चढावं लागत नाही. माथेरानला चिक्की आणि चपला घेऊ, तिथली खरी आठवणवस्तू तीच. आणि या वेळी माकडं बाबा बघतील, ब्रेक मी बघेन.

तुमच्या गावची अशी एखादी गाडी, पाळणा, राइड असेल, तर पुढच्या वेळी बसाल तेव्हा ती थांबवतं कोण, तेवढं बघून या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!