जुन्या गाडीला रस्ता कोण सांगणार?

मागच्या भागात आपण कार्ब्युरेटरमध्ये अडकलो होतो, आज जरा बाहेर रस्त्यावर येऊ.

निमित्त एका व्हॉइस मेसेजचं. लेस्टरला राहणारे आपले एक श्रोते आहेत. त्यांनी १९५९ ची मॉरिस मायनर घेतलीय आणि उन्हाळ्यात बायको-मुलांना घेऊन लेक डिस्ट्रिक्टला जायचं ठरवलंय. मेसेज सहा मिनिटांचा, त्यातली पाच मिनिटं गाडीचं कौतुक (ते मला समजतं, मीही तसाच आहे) आणि शेवटी प्रश्न : "दादा, हिच्यासाठी सुटा जीपीएस कुठला घेऊ?"

मॉडेलचं नाव सांगून मोकळा झालो असतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्यावर जे गुदरलं ते आधी सांगतो, म्हणजे मी काय बघून निवडायला सांगतोय ते कळेल.

आमच्याकडे बाबांची पद्मिनी आहे, १९८४ ची. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगजवळ, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मे महिना, मी आणि आई पुण्याहून दापोलीकडे निघालो. फोन काचेला चिकटवला आणि नकाशा म्हणेल तसं जायचं असं ठरवलं. ताम्हिणी व्यवस्थित उतरलो. खाली आल्यावर पुढे कुठेतरी वाहतूक तुंबली असावी, कारण बाई म्हणाली डावीकडे वळा, अकरा मिनिटं वाचतील. वळलो. सुरुवातीला छान डांबरी, मग वाडीचा काँक्रीटचा रस्ता, मग एक चढ, आणि चढ संपल्यावर समोर जो उतार आला तो बघून मला परत फिरायचं होतं. पण फिरायला जागा नाही आणि मागे एक टेम्पो.

आधीच घाटात ब्रेक तापलेले. अर्ध्या उतारावर तो जळका वास आला. पाय दाबतोय, सगळा जोर लावून दाबतोय, पण गाडी पाहिजे तशी धरत नाही. ड्रम तापला की तो फुगतो, ब्रेकच्या लायनरची पकडही जाते. पहिला गिअर टाकायला गेलो तर नुसता करकरला. दुसऱ्यात घेतली, हँडब्रेक ओढला, आणि शेवटी एका जांभ्याच्या गडग्याला बंपर टेकवून थांबलो. लागलं कुणाला नाही. आई एवढंच म्हणाली, "तुझे बाबा उतरून विचारायचे रे कुणाला तरी."

खरं होतं. बाबा प्रत्येक फाट्यावर थांबायचे. "भाऊ, पुढे उतार कसा आहे?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. अंतर विचारत नसत, उतार विचारत.

फोनचीही गंमत ऐका. आम्ही त्या गडग्यापाशी ब्रेक थंड व्हायची वाट बघत बसलो तेव्हा नेटवर्क नव्हतं, त्यामुळे दुसरा रस्ता शोधता येईना. आणि उन्हात काचेला चिकटून फोन इतका तापला होता की त्याने चार्ज व्हायचं थांबवलं होतं. उपग्रह दिसत होते हो! जीपीएसला इंटरनेट लागत नाही, वीस हजार किलोमीटरवरून येणारा तो सिग्नल फुकट आहे, आणि आपल्या गाडीच्या जुन्या साध्या काचेतून तो छान येतो. काही नव्या गाड्यांच्या काचेवर धातूचा पातळ थर असतो, त्यांना उलट त्रास होतो. तर निळा ठिपका जागेवर होता, पण त्याच्याखाली नकाशाच नव्हता. कोरा कागद.

तेव्हा लेस्टरकरांना माझं पहिलं म्हणणं हे, की रस्ता ठरवताना जे यंत्र तुमचं ऐकतं ते घ्या. फोनमधले नेहमीचे नकाशे तुमच्याकडे आजकालची गाडी आहे असं धरून चालतात : डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, भरपूर ताकद. त्यांना फक्त वेळ वाचवायचा असतो. तुम्ही जिथे चाललात तिथे हार्डनॉट पास आहे. काही ठिकाणी तीन फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ. अँबलसाइडहून एस्कडेलला जायचं म्हटलं की अंतराने जवळचा रस्ता रायनोज आणि हार्डनॉट या दोन खिंडींतूनच जातो. यंत्राला विचाराल तर ते आनंदाने तिकडे नेईल. पोरंबाळं आणि सामान घेऊन मायनरने तिथे जायचं की नाही हे तुम्ही घरी चहा पिताना ठरवा, खिंडीच्या तोंडाशी नको.

म्हणून दुकानात गेल्यावर स्क्रीन किती इंच हे नंतर विचारा. आधी विचारा की घरी कॉम्प्युटरवर आखलेला रस्ता, म्हणजे जीपीएक्स फाइल, यात जशीच्या तशी घेता येते का? मधले थांबे किती घालता येतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुकून वळण हुकलं तर हे यंत्र मला माझ्याच आखलेल्या रस्त्यावर परत आणतं, की स्वतःच्या मनाने नवा रस्ता काढतं? स्वस्तातली बरीच यंत्रं इथे नापास होतात.

यात मला मोटरसायकलवाल्यांसाठी केलेली यंत्रं आवडतात. गार्मिनची झुमो किंवा टॉमटॉमची रायडर. टॉमटॉम रायडरमध्ये रस्ता किती वळणाचा आणि किती चढउताराचा हवा हे निवडता येतं. बाइकवाले ते जास्तीत जास्तवर ठेवतात, आपण कमीत कमीवर ठेवायचं. ही यंत्रं पावसात भिजली तरी चालतात (मायनरच्या रबरांतून पाणी येतं की नाही ते मला कळवा) आणि भर उन्हात दिसतील एवढा त्यांचा उजेड असतो. महाग आहेत, नाही म्हणत नाही.

आता विजेकडे येऊ, कारण इथे यंत्रच काय, गाडीही पेटू शकते.

बॉनेट उघडा आणि बॅटरीकडे बघा. कुठल्या टोकाची जाड पट्टी गाडीच्या पत्र्याला जोडलीय? आजच्या गाड्यांत ती निगेटिव्हची असते. १९५९ ची मायनर कारखान्यातून निघाली ती पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक पत्र्याला. मधल्या काळात अनेकांनी बदलून घेतलंय, म्हणून कागदावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी बघा. पॉझिटिव्ह अर्थ गाडीत बाजारातला चार्जरचा सॉकेट नेहमीसारखा पत्र्यात बसवला, तर चार्जरला वीज उलटी मिळते. मग कुणीतरी हुशार मेकॅनिक वायरी अदलाबदल करून देतो. चार्जर चालू होतो, आपण खूश. पण आता त्या सॉकेटचं बाहेरचं धातूचं कवच निगेटिव्ह झालं, आणि आजूबाजूचा सगळा पत्रा पॉझिटिव्ह. कवच पत्र्याला टेकलं की शॉर्ट. यूएसबी वायरचं धातूचं टोकही त्याच निगेटिव्हला जोडलेलं असतं, ते नुसतं डॅशबोर्डला लागलं तरी ठिणगी.

सॉकेट पूर्ण प्लास्टिकच्या डब्यात वेगळा ठेवून, बॅटरीजवळ फ्यूज घालून हे नीट करता येतं. जमत असेल तर करा. नाहीतर सरळ पॉवर बँक घ्या. खरंच. सुट्या जीपीएसला फार वीज लागत नाही, एक बऱ्यापैकी पॉवर बँक दिवस काढते, आणि साठ वर्षं जुन्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. युद्धकाळातल्या विलीज जीपसारखी सहा व्होल्टची गाडी ज्यांच्याकडे आहे त्यांनाही मी हेच सांगतो, कारण बारा व्होल्टचा चार्जर तिथे धड चालत नाही. फक्त पॉवर बँक बंद गाडीत उन्हात सोडून जेवायला जाऊ नका.

पद्मिनीवाल्यांचं काम सोपं. आपली गाडी बारा व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ. चार्जर मात्र बारा ते चोवीस व्होल्ट चालणारा, बऱ्यापैकी कंपनीचा घ्या. जुन्या चार्जिंग सिस्टीमचा व्होल्टेज काही एकसारखा राहत नाही, मध्येच उसळतो, आणि शंभर रुपयांचा चार्जर ती उसळी पुढे यंत्राला देतो. शिवाय रेडिओत खरखर आणतो ती वेगळीच.

बसवायचं कुठे? डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही. हे मी जरा ओरडूनच सांगतोय. आपल्या काचा लहान असतात आणि चेहऱ्याच्या जवळ, त्यामुळे पाच इंची स्क्रीन पुरे. सात इंची लावलात तर डाव्या बाजूची सायकल दिसणार नाही. डॅशबोर्ड खरा लोखंडी पत्र्याचा असेल तर चुंबकाचा स्टँड झकास बसतो, खाली पातळ रबर ठेवा म्हणजे रंग खरवडणार नाही. नव्या गाड्यांच्या प्लास्टिकला हे सुख नाही! आणि फोन वापरणार असाल तर तो हातात नको, स्टँडवरच. १ ऑक्टोबर २०२० पासून आपल्याकडे नियमात रस्ता बघण्यापुरती परवानगी आहे, तीही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने.

एक वरकड फायदा सांगतो. माझ्या स्पीडोमीटरचा काटा साठ दाखवतो तेव्हा जीपीएस बावन्न दाखवतो. आधीच्या मालकाने, म्हणजे बाबांनीच, टायरचा साइज बदलला होता. पेट्रोलचा काटा तर मनाला येईल ते सांगतो, त्यामुळे टाकी भरली की जीपीएसचा ट्रिप शून्य करतो आणि किलोमीटरवरून पेट्रोलचा अंदाज ठेवतो.

ज्यांना एवढे पैसे घालायचे नाहीत, त्यांनी मी सध्या करतो ते करून बघा. घरातला एक जुना फोन, सिम काढलेला, त्यात ओसमअँड. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घेतला की पुढे नेट लागत नाही. आखलेल्या रस्त्याच्या चढउताराचा आलेख तो दाखवतो. मी आदल्या रात्री तो आलेख बघतो, जिथे रेघ एकदम खाली पडते तिथला रस्ता बदलतो, आणि मोठ्या उताराआधी थांबायची जागा खूण करून ठेवतो. कमी पडतं ते एवढंच, की भर उन्हात त्याची स्क्रीन दिसत नाही आणि मेमध्ये तो तापतोच. म्हणून तो काचेवर न लावता खाली सावलीत ठेवतो, आणि आवाजावर चालतो.

मागच्या दिवाळीत याच रस्त्याने पुन्हा दापोलीला गेलो. ताम्हिणी उतरून माणगावात अर्धा तास थांबलो, ब्रेक निवले, आईने कोकम प्यायलं. फेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनातल्या हो, ओलं फडकं टाकलं. अकरा मिनिटं वाचवायचा मोह यंत्राने दाखवलाच नाही, कारण त्याला वाहतूक कळतच नव्हती. महामार्गावर तासभर तुंबलो मात्र.

तर लेस्टरकर, खरेदीला जायच्या आधी बॅटरीचा फोटो पाठवा. दोन्ही टोकं दिसतील असा काढा, आणि ती पत्र्याकडे जाणारी पट्टी फोटोत आली पाहिजे. बाकीचं मी तुम्हाला फोनवर सांगतो. पुढच्या भागात वायपर.