मोठ्या संख्येची परीक्षा



मोठी संख्या आपण बहुधा वाचन-लेखनापुरतीच फळ्यावर लिहितो. तिच्या अंगच्या गुणांची ओळख करून देण्याचे राहून जाते. आज अशी एकच संख्या आपणांपुढे ठेवितो : ४,२९,४९,६७,२९७.

२ चा वर्ग ४, ४ चा १६, १६ चा २५६ व २५६ चा ६५,५३६. २ पासूनच्या या प्रत्येक संख्येत १ मिळविला म्हणजे ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या होत. १ व ती स्वतः यांवाचून त्यांस कशानेही निःशेष भाग जात नाही. ६५,५३६ चा वर्ग करून १ मिळविला की आपली संख्या येते. तीही मूळच असावी, असे फ्रेंच गणिती फेर्मा याने १६४० मध्ये मानले. मात्र सिद्धता दिली नाही.

१७३२ मध्ये ऑयलरने दाखविले की, तिला ६४१ ने निःशेष भाग जातो व भागाकार ६७,००,४१७ येतो. तिच्या कोणत्याही मूळ भाजकास ६४ ने भागता बाकी १ उरते, हेही त्याने पुढे सिद्ध केले. त्यामुळे ६४१ पर्यंत १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच संख्या तपासाव्या लागतात.

सातवीच्या वर्गाचे पाच गट करून प्रत्येकास यांतील एकेक भाजक द्यावा. चार गटांस बाकी उरेल, पाचव्यास उरणार नाही. मग सर्वांनी गुणाकार करून ताळा पाहावा. यास पाटी-पेन्सिलीवाचून कोणतेही साधन लागत नाही.

यातील बोध महत्त्वाचा आहे. पाच उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध झाला असे नव्हे. “३, ५, ७ मूळ आहेत, तेव्हा सर्व विषम संख्या मूळ,” असे एखादा विद्यार्थी म्हणाला, तर त्यास ‘चूक’ म्हणून खाली बसवू नये. ९ ची परीक्षा त्यालाच करू द्यावी. तसेच, “गुरुजी, हे नेहमीच खरे असते का?” या प्रश्नास उद्धटपणा समजू नये. तो दडपला, तर मूल नियम पाठ करील, पण पारखणार नाही.

या मालिकेतील सहावी मूळ संख्या आजवर कोणास सापडलेली नाही; ती नाहीच, असेही सिद्ध झालेले नाही. हेही वर्गात अवश्य सांगावे. गणितात शोधण्यासारखे अजून पुष्कळ उरले आहे, हे खेड्यातील मुलामुलींनाही कळले पाहिजे.