पाल्याचा रस आणि कागदावरचा पुरावा



गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलच्या खडकांवर ओहोटीला कालवं काढताना शिंपल्याची कड बोटाला लागली, की चांगलीच चीर पडते. मग गडग्याच्या कडेची एकदांडी खुडायची. तिची पानं खरखरीत, कातरलेल्या कडांची. लांब देठावर एकच पिवळं फूल. पाला तळहातावर चोळून हिरवा, उग्र रस जखमेवर पिळला, की रक्त थांबतं. कुणी हिला कंबरमोडी म्हणतं, कुणी दगडीपाला. ही मूळची अमेरिका खंडातली. इथल्या बांधावर ती उपरीच. तरी आपल्या माणसांनी तिचा गुण हेरला. उंदरांवरच्या प्रयोगांतही तिच्या अर्काने जखमा भरायला मदत झालेली दिसली आहे.

अर्क काढताना पाला वाळवून पाण्यात किंवा अल्कोहोलात भिजत घालतात, गाळतात आणि द्रव उडवून टाकतात. कशात भिजवलं, यावर काय उतरणार ते ठरतं. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. आजी हळद तेलात कालवून लावायची, ते उगाच नव्हे.

याच हळदीने जखम भरण्याच्या उपायाचं पेटंट मार्च 1995 मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं! डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं. ‘हे आमच्या घरोघरी ठाऊक आहे’ एवढ्यावर भागणार नव्हतं. लेखी पुरावा हवा होता. संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांसह 32 संदर्भ जमवले गेले. त्यात इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला 1953 सालचा लेखही होता. ऑगस्ट 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. हळद सुटली, कारण ती लिहिलेली होती. गावोगावच्या पाल्यांचं ज्ञान मात्र अजून बरंचसं तोंडीच आहे, आणि सांगणारी माणसं थकत चालली आहेत.

एक कळकळीने सांगतो. जखम खोल असेल, मातीने माखलेली असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर पाल्यावर थांबू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि पाल्यालाही माती असते. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि थेट आरोग्य केंद्र गाठा.

आणि गुहागर तालुक्यातल्या शिक्षकांना विनंती: मुलांना एक वही घालून द्या. पाल्याचं गावातलं नाव, तो कुठे उगवतो, कसल्या जखमेला, कसा लावतात, कोणी सांगितलं, एवढं त्यात लिहवून घ्या. आणि प्रत्येक नोंदीखाली तारीख घालायला विसरू नका.